सत्तर वर्षांचे वचन आणि ऊसतोडीला निघालेली माणसे

नवापूर

प्रिय शमुवेल,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

तुझे पत्र मिळाले. दिवाळीनंतर पाड्यावरची बरीच घरे ऊसतोडीला गुजरातेत जातील, त्याआधी घरसभेत भाकितांवर चार बुधवार घ्यायचे म्हणतोस. जरूर घे. पण सुरुवात मत्तयापासून करू नकोस, यिर्मयाच्या 28 व्या अध्यायापासून कर. बाहेरून आलेल्या सेवकाने ज्या कुटुंबाला ‘दोन महिन्यांत उचल फिटेल, यंदा कोयता धरावा लागणार नाही’ असे देवाच्या नावाने सांगितले, आणि तसे झाले नाही म्हणून जे आता सभेला येत नाहीत, त्यांचीच गोष्ट तिथे आहे.

सिद्कीया राजाच्या चौथ्या वर्षी, पाचव्या महिन्यात, हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सर्वांदेखत सांगतो की बाबेलचे जू, म्हणजे यहूदावरची बाबेलची सत्ता, दोन वर्षांत मोडेल. यिर्मया आधी ‘आमेन, परमेश्वर असेच करो’ म्हणतो. लोकांचे भले व्हावे असे त्यालाही वाटतेच. मग तो कसोटी सांगतो: शांतीचे भाकीत करणाऱ्याचा शब्द खरा ठरला, तरच त्याला देवाने पाठवले होते हे कळते. त्या सत्तेची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घातलेले लाकडी जू हनन्याने मोडले. सातव्या महिन्यात हनन्या मेला. बाबेल जिथल्या तिथे राहिले.

पुढच्याच अध्यायात यिर्मयाने बाबेलातल्या बंदिवानांना लिहिलेले पत्र आहे. त्यातले 11 वे वचन, ‘तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत’, आपल्याकडे कॅलेंडरवर, लग्नपत्रिकेवर, सगळीकडे असते. 10 वे कुठेच नसते. त्यात बाबेलची सत्तर वर्षे भरल्यावरच परत आणीन असे आहे. म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्यांपैकी जे तेव्हा पिकल्या केसांचे होते, त्यांना घरी परतणे नव्हते. तरी 5 ते 7 वचनांत त्यांना सांगितले आहे, घरे बांधा, मळे लावा, लेकरांची लग्ने करा, ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. देवाने मुदत सांगितली ती हातपाय गाळून बसण्यासाठी नाही, लांब टिकता यावे म्हणून सांगितली. पहिला बुधवार एवढ्यावरच घालव, घाई करू नकोस.

दुसऱ्या बुधवारी कोणीतरी सत्तर वर्षे मोजेल. तयारीत राहा. वचन म्हणते, ‘बाबेलची’ सत्तर वर्षे. अश्शूरचा शेवटचा जोर इ.स.पू. 609 मध्ये संपला आणि इ.स.पू. 539 मध्ये पारसाच्या कोरेशाने बाबेल घेतले, ही सत्तर. मंदिर इ.स.पू. 586 मध्ये पडले आणि 516 मध्ये पुन्हा उभे राहिले, हीही सत्तर. पण पहिली माणसे इ.स.पू. 605 मध्ये नेली तिथून मोजले, तर बाबेल पडेपर्यंत 66 च भरतात. मला पहिली मोजणी वचनाच्या शब्दांना सर्वांत जवळची वाटते. तिन्ही सांग. अवघड आकडा लपवला आणि तो नंतर मुलांना मोबाइलवर सापडला, तर ती उरलेल्यावरही विश्वास ठेवणार नाहीत.

याच हिशेबाने दानीएल 9 वाच. मुदत भरत आली हे त्याला यिर्मयाच्या ग्रंथातून कळले. मग तो निवांत बसला का? गोणपाट नेसून, उपास करून, राखेत बसून त्याने प्रार्थना केली. ‘देवाला ठाऊकच आहे, मग मागायचे कशाला?’ हा प्रश्न तुझ्या सभेत हमखास येणार. प्रभूनेही मत्तय 6:8 मध्ये ‘मागण्यापूर्वीच पित्याला ठाऊक आहे’ असे म्हणून लगेच पुढच्या वचनात प्रार्थना शिकवली.

तिसरा बुधवार यशया 53 ला दे, म्हणजे आपण प्रभूच्या मरणाचे भाकीत मानतो त्या दुःख सोसणाऱ्या सेवकाच्या अध्यायाला. इथे पाया भक्कम आहे. मृत समुद्राजवळ कुम्रानच्या गुहेत 1947 मध्ये यशयाची जी मोठी गुंडाळी मिळाली, ती चामड्याच्या 17 तुकड्यांची, सात मीटरहून लांब आहे आणि प्रभूच्या जन्मापूर्वी शंभर वर्षांहून अधिक जुनी आहे. तिच्यात 53 वा अध्याय आहे. त्यामुळे वधस्तंभानंतर कोणी तो मागाहून लिहून घातला, असे म्हणता येत नाही. मात्र ताणू नकोस. यशया 44 आणि 45 मध्ये कोरेशाचे नाव आले आहे, ते त्याच्या आधी लिहिले गेले हे या गुंडाळीने सिद्ध होत नाही, कारण कोरेश तिच्याही चारशे वर्षे आधीचा. ते आपण विश्वासाने धरतो, तसेच सांग. तसेच ‘अमुक शेकडा भाकिते पूर्ण झाली’ असे आकडे फिरतात, ते फळ्यावर लिहू नकोस. मोजणारा बदलला की आकडा बदलतो.

चौथ्या बुधवारी प्रेषितांची कृत्ये 27. माझ्या मते देवाचे पूर्वज्ञान समजायला याहून चांगला अध्याय नाही. पौलाला कैदी म्हणून रोमला नेणारे गलबत वादळात सापडले आहे. गलबतावर 276 माणसे, चौदावी रात्र. दूत पौलाला सांगून गेला आहे की एकाही जिवाची हानी होणार नाही. खलाशी पाण्याची खोली मोजतात, वीस वाव, मग पंधरा वाव. चार नांगर टाकतात आणि गुपचूप होडी सोडून पळू पाहतात. तेव्हा हाच पौल शिपायांना म्हणतो, ही माणसे गलबतावर राहिली नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. वचन पक्के, तरी खलाशी लागतात. नांगर लागतात. पौल सगळ्यांना जेवायलाही लावतो. देवाने शेवट ठरवला, तशी त्यापर्यंतची वाटही ठरवली, आणि त्या वाटेत माणसांचे हात आहेत. सगळे जण काठाला लागले. काही जण फळ्या धरून.

त्या कुटुंबाकडे सभेच्या दिवशी जाऊ नकोस, एरवी जा. आधी ऐकून घे. मग स्पष्ट सांग की ते वचन देवाचे नव्हते. मोशेच्या पाचव्या पुस्तकात, अनुवाद 18:22 मध्ये, तसेच म्हटले आहे. ‘तुमचा विश्वास कमी पडला’ हे वाक्य तोंडून निघू देऊ नकोस. खोट्या भाकिताचा बोजा ऐकणाऱ्यावर टाकणे हा दुसरा अन्याय आहे. पुढे कोणी देवाच्या नावाने तारीख किंवा रक्कम सांगितली, तर ती वहीत लिहून ठेवावी, पाळक आणि वडीलमंडळींना दाखवावी, आणि त्यावर विसंबून कर्ज काढू नये, जनावर विकू नये. 1 थेस्सलनीकाकर 5:20-21 दोन्ही सांगते: भाकितांचा धिक्कार करू नका, सर्व पारखा. आणि खरे ठरले तरी ते आपल्याला प्रभूपासून दूर नेते का, हे अनुवाद 13 प्रमाणे पाहावे.

आणि ते तोडीला निघालेच, तर मुकादमाकडून उचलीचा हिशेब लिहून घ्यायला त्यांना मदत कर. जिथे पडाव पडेल, तिथे जवळ मंडळी असेल तर पाळकांचा नंबर देऊन ठेव. यिर्मया 29:7 त्यांच्या वहीत तूच लिहून दे.

पहिला बुधवार झाला की लोकांनी काय विचारले ते कळव.

प्रभूमध्ये तुझा,
सुभाष