खेड्यातली फेरी तोट्यात का जाते?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

उत्पन्न कमी म्हणून खेड्यातली एसटीची फेरी बंद होते आणि ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून गावोगाव ठराव व निवेदने सुरू होतात. परभणी जिल्ह्यातील आमच्या गावानेही ती दिली आहेत. परंतु केवळ अनुदानावर चालणारी फेरी काटकसरीच्या पहिल्या फटक्यात बंद पडते, म्हणून ती स्वतःच्या उत्पन्नावर कशी टिकेल याचा विचार आपणच मांडला पाहिजे, असे मला वाटते.

आमच्या गावाला पूर्वी मुक्कामी गाडी होती. रात्री गावात थांबून पहाटे तालुक्याला निघणाऱ्या त्या गाडीत दुधाच्या किटल्या, भाजीच्या पाट्या घेतलेल्या बाया, कॉलेजची मुले आणि तारखेसाठी कोर्टात निघालेली माणसे असत. ती बंद होऊन सकाळी अकराची फेरी आली. अकरा वाजता शेतकरी रानात असतो आणि मुले वर्गात. गाडी रिकामी धावते, भारमान म्हणजे भरलेल्या आसनांचे प्रमाण घसरते आणि प्रवासीच नाहीत असा निष्कर्ष निघतो. प्रवासी आहेत, पण ते पहाटेच काळी-पिवळीत दाटीवाटीने बसून गेलेले असतात. मुक्कामी गाडी परत हवी असेल तर चालक-वाहकांना निजायला स्वच्छ खोली, पाणी, दिवा आणि शौचालय देणे ही ग्रामपंचायतीची जबाबदारी आहे, आणि आम्ही गावकऱ्यांनी ती आजवर टाळली हेही मान्य केले पाहिजे.

दुसरा मुद्दा हिशोबाचा आहे. 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट आहे आणि 75 वर्षांवरील ज्येष्ठांना 2022 पासून प्रवास मोफत आहे. गाडीत 20 महिला बसल्या तर वाहकाच्या हाती 10 पूर्ण तिकिटांएवढेच पैसे येतात. उरलेली रक्कम राज्य शासनाने महामंडळाला द्यायची असते. ती वेळेवर मिळावी आणि त्या त्या फेरीच्या खात्यावर धरली जावी, म्हणजे खरोखर तोट्यातली फेरी कोणती हे कळेल. शिवाय खेड्यातून तालुक्याला आलेला माणूस पुढे पुण्याचे किंवा छत्रपती संभाजीनगरचे तिकीट काढतो. गावची फेरी गेली की तोच माणूस जीपने फाट्यावर येतो आणि तिथून खासगी ट्रॅव्हल्स धरतो. खेड्यातली फेरी बंद केल्याने डिझेल वाचते, पण लांब पल्ल्याच्या गाडीचा प्रवासीही हातचा जातो. हे नुकसान कोणत्या फेरीच्या नावावर लिहायचे?

भाडेवाढीने हा प्रश्न सुटणार नाही. जानेवारी 2025 मध्ये भाडे 14.95 टक्क्यांनी वाढले; छोट्या अंतरावर आणखी वाढले तर उरलेसुरले प्रवासीही जीपकडे वळतील. त्यापेक्षा कमी गर्दीच्या मार्गावर लहान गाडी द्यावी आणि आठवडी बाजाराच्या दिवशी जादा फेरी सोडावी.

आगाराने येत्या जूनपासून, शाळा उघडताना, प्रत्येक तालुक्यात निदान दोन मार्गांच्या वेळा ग्रामपंचायत, शाळा आणि त्या मार्गावरचे वाहक यांच्याशी बोलून ठरवाव्यात, सहा महिने त्या बदलू नयेत आणि सवलतीच्या रकमेसह आलेले उत्पन्न गावच्या फलकावर लावावे. त्यानंतरही गाडी रिकामीच धावली, तर ती बंद करण्यास आमचा विरोध राहणार नाही.

आपला,
एक नियमित प्रवासी, जि. परभणी