‘फॅटी लिव्हर’ आणि दारूचा संशय

मा. संपादक, स.न.वि.वि.

आपल्याकडे सोनोग्राफीच्या कागदावर ‘फॅटी लिव्हर’ आलं की पहिला प्रश्न ठरलेला. आमच्या गावातले एक माळकरी मामा, अंगानं किडकिडीत, पंढरीची वारी न चुकवणारे. त्यांनाही कट्ट्यावर ऐकावं लागलं, “माळ घालून घेतासा की काय वो, मामा?” तेव्हापासून त्यांनी कट्ट्यावर बसणंच सोडलं.

यकृतात चरबी साठण्यात खाण्यापिण्याचा हात असतोच, पण आनुवंशिकतेचाही असतो. २००८ साली अमेरिकेत डॅलसच्या संशोधकांनी ‘पीएनपीएलए३’ या जनुकातला एक बदल दाखवून दिला. यकृताच्या पेशींत साठलेली चरबी मोडण्याच्या कामात तो आडवा येतो. आई आणि वडील दोघांकडूनही तो आला, तर चरबी वाढण्याचा आणि पुढं सिरॉसिसचा, म्हणजे यकृत निबर होऊन निकामी होत जाण्याचा, धोका अधिक. ‘टीएम६एसएफ२’ या जनुकातल्या बदलाची तऱ्हा आणखी वेगळी. त्यात यकृत आपली चरबी रक्तात नीट सोडत नाही. रक्तातली चरबी कमी दिसते, यकृतातली वाढत जाते. मामांचं कोलेस्टेरॉल बघून ‘सगळं नॉर्मल’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. (मामांना हाच बदल आहे, असं मी म्हणत नाही. यकृताला सांभाळून घेणारा बदलही २०१८ साली सापडलाय.)

आता ‘रक्तातच आहे तर काय करणार’ म्हणत कुंद्याचा डबा उघडणाऱ्यांसाठी: ‘पीएनपीएलए३’चा बदल असलेल्यांचीही यकृतातली चरबी वजन उतरवलं की चांगली उतरते. दारू घेतली तर मात्र त्यांचं यकृत इतरांपेक्षा लवकर बिघडतं.

केंद्र सरकारनं २०२१ मध्ये हा आजार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. तरी गावोगावच्या शिबिरांत शुगर-बीपी बघितलं की काम संपतं. घरात कुणाला सिरॉसिस होता का, हे विचारायला काय खर्च येतो? वय आणि साध्या रक्ततपासणीतले एसजीओटी, एसजीपीटी (यकृताची विकरं) व प्लेटलेट यांवरून ‘फिब-४’ हा आकडा काढता येतो. यकृत कितपत निबर झालंय, याचा अंदाज त्यावरून येतो. त्यासाठी महागड्या जनुक तपासणीच्या मागे लागायला नको.

शिबिर भरवणाऱ्यांना आणखी एक विनंती. माहितीपत्रक कन्नडबरोबर मराठीतही छापा. खानापूर-निपाणीकडच्या कितीतरी म्हाताऱ्यांना ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं, आणि असला आजार कुणाला दाखवायची त्यांना लाज वाटते.

– एक वाचक, ता. खानापूर, जि. बेळगाव