दसऱ्यापर्यंत थांबू नकोस

कोल्हापूर,
७ सप्टेंबर २०२५

प्रिय भावा,

परवा तुझा फोन ठेवला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. "कोर्स सोडायचा हे नक्की, पण दसरा होऊ दे, मग घरात सांगतो," असं तू म्हणालास आणि मी नुसतं "बरं" म्हटलं. तिथंच तुला अडवायला पाहिजे होतं. फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसलोय. पत्र पोस्टानं पोचायला चार दिवस जातील आणि तुझ्याकडं तेवढी सवड नाही, म्हणून पानांचे फोटो आजच मोबाईलवर पाठवतोय.

मी एम.एस्सी. सोडली हे तुला माहीत आहे. किती उशिरा सोडली, ते मात्र तुलाही कधी सांगितलं नाही.

बायोटेकची फी ६० हजार होती. आप्पांनी उसाचं बिल आल्या आल्या भरली. दुसऱ्याच आठवड्यात मला कळून चुकलं होतं की हे आपल्याच्यानं होणार नाही. तासाला बसलो की वहीत तारीख टाकायचो, विषयाचं नाव लिहायचो आणि खाली पान कोरं. महिनाभराची तसली पानं आहेत त्या वहीत, अजून ठेवलीय मी ती. पण घरात सांगायचं कसं? आमच्या घरात एम.एस्सी.पर्यंत गेलेला मी पहिलाच. दसरा चौकातल्या बोर्डिंगवरून जाताना मान खाली जायची. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात बोर्डिंगं काढली ती आमच्यासारख्या खेड्यातल्या पोरांना शिकता यावं म्हणून, आणि मी मिळालेलं शिक्षण टाकून निघालो होतो. निदान तेव्हा मला तसं वाटायचं. मग गणपती होऊ दे, चाचणी होऊ दे, एवढं प्रॅक्टिकल होऊ दे, असं करत गेलो. अर्ज दिला तेव्हा प्रवेशाची शेवटची तारीख उलटून ३४ दिवस झाले होते.

आता हे नीट वाच. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ मध्ये फी परत करण्याचे टप्पे ठरवून दिलेत. दिवस मोजायचे ते कॉलेजनं जाहीर केलेल्या प्रवेशाच्या शेवटच्या तारखेपासून, तू वर्गात बसायला लागलास त्या दिवसापासून नव्हे. त्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी सोडलं तर पूर्ण फी परत, फार तर ५ टक्के आणि तेही ५ हजारांच्या आत कापून घेतात. १५ पेक्षा कमी दिवस उरले असताना सोडलं तर ९० टक्के. तारीख उलटल्यावर १५ दिवसांपर्यंत ८०, १६व्यापासून ३०व्या दिवसापर्यंत ५०. त्यापुढं एक रुपया नाही.

तुझ्याकडची शेवटची तारीख ३१ ऑगस्ट होती ना? म्हणजे १५ सप्टेंबरपर्यंत अर्ज दिलास तर ७५ हजारांतले ६० हजार परत येतात. १६ तारखेला गेलास तर साडेसदतीस. आणि यंदा दसरा आहे २ ऑक्टोबरला. तोवर सगळंच गेलेलं असेल, भावा. मधल्या काही वर्षांत आयोगानं जास्त सवलत दिली होती, २०२४-२५ ला ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण फी परत होती. तुमच्याकडं यंदाचं परिपत्रक काय आहे ते ऑफिसात विचार, पण त्या भरवशावर १५ तारीख घालवू नकोस.

अर्ज लेखीच दे. तोंडी सांगितलेलं कुणी धरत नाही. दोन प्रती कर आणि एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. अर्ज पोचल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. अनामत रक्कम वेगळी, ती पूर्ण मिळते. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरला असशील तर तेही त्याच वेळी सांगून टाक.

आणि कागदपत्रं. मला खिडकीवर सांगितलं होतं, दुसऱ्या वर्षाची फी भर, मग मार्कलिस्ट आणि दाखला घेऊन जा. मी खरं मानलं. 'नो ड्यूज'चा, म्हणजे कुठलं देणं बाकी नाही असा, पिवळा कागद घेऊन ग्रंथालय, लॅब, जिमखाना असा चार दिवस फिरलो. जिमखान्यात मी कधी पाऊलही टाकलं नव्हतं, तरी त्यांच्या सहीसाठी दोन दिवस गेले. शेवटी आपल्या बी.एस्सी.च्या सरांनी सांगितलं, मूळ कागदपत्रं अडवून ठेवायला आयोगाची मनाई आहे, लेखी माग, नाही दिली तर तक्रार निवारण समितीकडं जा, तिथंही नाही झालं तर आयोगाच्या ई-समाधान पोर्टलवर घाल. लेखी मागितल्यावर तिसऱ्या दिवशी मिळाली. पैसे नाहीच मिळाले, आणि ते नियमाप्रमाणंच होतं. चूक माझी होती.

आप्पांना मी रंकाळ्यावर सांगितलं. बाजाराला आले होते, कठड्यावर बसून भाकरी सोडली होती. मी सगळं सांगितलं, तारखेसकट. त्यांनी हातातला तुकडा परत फडक्यात ठेवला, पाण्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "वीस टन." एवढंच. आमच्या उसाच्या दरानं ६० हजार म्हणजे वीस टन ऊस. कोर्स सोडल्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. घरी जाताना एस.टी.त चढता चढता वळून विचारलं, "गणपतीत घरी आलतास, तवा का बोलला न्हाईस?" गणपतीत बोललो असतो तर त्यातले सोळा टन परत आले असते.

आता मी शिरोलीच्या फौंड्रीत लॅबला आहे. सकाळी वाळूचा ओलावा बघायचा, दुपारी स्पेक्ट्रोमीटरवर नमुने. काम आवडतं, आणि शिकलेलं सगळं इथं लागतं. तू सांगितलंस की तुझे काका रागावतील, दोन दिवस बोलणार नाहीत. तुझे काका मला लहानपणापासून माहीत आहेत, तिसऱ्या दिवशी तेच तुला जेवायला हाक मारतील.

अर्जाचा मजकूर लिहून मागच्या पानावर दिलाय, नाव आणि पावती क्रमांक तेवढा तू घाल. आज रात्री काकांना फोन कर. जमलं नाही तर मला कळव, मी उद्या संध्याकाळी कामावरून सुटल्यावर तुमच्या घरी जातो, तिथून तुला फोन लावतो आणि तुम्ही बोलत असेपर्यंत त्यांच्याशेजारी बसतो.

तुझा,
बोर्डिंगचा सोबती