वकील गाठायचा तो माल गाडीत चढण्याआधी

संपादक महोदय,

कुपवाड, मिरजेच्या औद्योगिक वसाहतींतले छोटे कारखानदार बहुधा बिल थकून दोन-अडीच वर्षे उलटली की वकिलाकडे येतात. थकबाकीच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची. 'पुढच्या आठवड्यात देतो' या फोनवरच्या शब्दाने ती वाढत नाही. मुदतीच्या आत बाकी कबूल केल्याचे सहीचे पत्र मिळाले, तर ती तेव्हापासून नव्याने मोजतात.

सूक्ष्म व लघु उद्योगांच्या पाठीशी २००६ चा कायदा आहे. लेखी करारातही ४५ दिवसांहून जास्त उधारी ठरवता येत नाही. करारात दिवस ठरले नसतील तर पैसे १५ दिवसांतच द्यावे लागतात. पुढे रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. माल पोहोचल्यावर १५ दिवसांत लेखी तक्रार आली नाही, तर माल स्वीकारला असे धरतात. म्हणून माल पोहोचवल्याच्या चलनावर खरेदीदाराचा तारखेसह सही-शिक्का हवाच; अनेक प्रकरणे तिथेच लंगडी पडतात. या कायद्याखाली थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलच्या निवाड्याला आव्हान देणाऱ्या खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते.

मात्र उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारकडची नोंद, ऑर्डर घेण्याआधीच करून ठेवा. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते; एजंटाला पैसे देण्याचे कारण नाही. हळद दळून पूड करणारा उत्पादक ठरतो. नुसती पोती घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्याची नोंदणी मात्र प्राधान्य क्षेत्रातील, म्हणजे बँकांनी प्राधान्याने द्यायच्या कर्जापुरतीच असते. त्याने या कायद्याच्या भरवशावर उधारी देऊ नये.

चेक परत आला, तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवावी लागते आणि तिच्यात चेकची नेमकी रक्कम मागावी लागते. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस असतात, त्यानंतर महिन्याच्या आत कोर्टात तक्रार.

वकिलाची फी जड वाटते, हे आम्हाला मान्य आहे. म्हणून ऑर्डरच्या अटी, बिलाखालचा मजकूर आणि भागीदारीपत्र एकदाच तपासून घ्यावे, फी कामागणिक आधी लेखी ठरवावी. वसाहतीतल्या आठ-दहा कारखान्यांनी मिळून महिन्यातले दोन दिवस एक वकील ठरवला, तर खर्च वाटला जाईल. त्यांच्यातच वाद झाला तर त्या वकिलाने कोणाचीच बाजू घेऊ नये. औद्योगिक संघटनांनी यात पुढाकार घ्यावा, ही विनंती. महिला उद्योजकांना तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. त्यांनी तिथे जरूर अर्ज करावा.

– लघुउद्योगांची कामे पाहणारे काही वकील, सांगली