सुमे, आपलं १९१७चं भांडण अजून मिटलेलं नाही

होनोलुलू,
रविवार

प्रिय सुमे,

माझी तब्येत ठीक. साखर आटोक्यात आहे, रात्री झोप लागते.

नील अमेरिकेच्या नौदलात भरती झाला. शिकागोजवळ ग्रेट लेक्सला त्याचं ट्रेनिंग झालं आणि पहिलंच पोस्टिंग मिळालं पर्ल हार्बरला. आम्ही तिघं त्याला भेटायला इथे आलोय. घरात आनंदीआनंद आहे. शर्वरीने ऑफिसात पेढे वाटले, फॅमिली ग्रुपवर त्याच्या पांढऱ्या गणवेशातल्या फोटोखाली अजून अभिनंदनं पडतायत. या सगळ्यात माझ्या पोटात जे कालवतंय ते इथे कुणाला सांगू? फोन करणार होते, पण मिलिंद शेजारच्याच खोलीत असतो. म्हणून हा कागद.

परवा ॲरिझोना बघायला गेलो, १९४१च्या जपानी हल्ल्यात इथे बुडालेली युद्धनौका. किनाऱ्यावरून नेव्हीची होडी नेते आणि ती चालवणारी पोरं नीलच्याच वयाची. बुडालेल्या जहाजावर आडवी पांढरी वास्तू उभारलीय, जहाजाला न टेकता. आत संगमरवरी भिंतीवर नावं कोरलीत. त्या एका जहाजावर १,१७७ जण गेले. जहाजाचा बँड होता, त्यातला एकही वाचला नाही. आणि सुमे, टाक्यांतलं तेल अजून झिरपतंय. कठड्यावरून खाली बघत राहिलं की एक काळा थेंब सावकाश वर येतो, पाण्यावर फुटतो आणि रंगीत चकती पसरते. ती विरते न विरते तोच दुसरा.

नील जहाजाच्या तोफांबद्दल सांगत होता आणि मी मनात तुझ्याशी भांडत होते. कारण हे जहाज आपल्या भांडणातलं आहे. १९१७ला अमेरिका पहिल्या महायुद्धात का उतरली? तू म्हणायचीस, न्यूयॉर्कच्या बँकवाल्या मॉर्गनने दिलेल्या कर्जापायी; मी म्हणायचे, १८९८मध्ये तिने बेटं गिळली त्यापायी. १९४१ला ते बुडालं, पण सेवेत आलं १९१६च्या ऑक्टोबरात. पुढच्या एप्रिलमध्ये अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा याला घरीच ठेवलं, कारण हे चालायचं तेलावर आणि ब्रिटनकडे तेलाची टंचाई होती. कोळशावरची जहाजं गेली. मग युद्ध संपल्यावर अध्यक्ष विल्सन पॅरिसच्या परिषदेला निघाला, त्याच्यासोबतच्या ताफ्यात ॲरिझोना होतं. युद्धासाठी जे तेल जाळायचं नव्हतं ते तहासाठी जाळलं!

आता तू म्हणशील, कुंदे, मूळ मुद्द्यावर ये, मॉर्गनचं कर्ज. आठवतंय ना, मॉर्गनच्या नावानं तू जेवताना एवढी बोटं मोडायचीस की मेसच्या काकूंना वाटायचं, घरच्यांनी तुझं लग्न ठरवलंय आणि नवरामुलगा तुला पसंत नाही. तुझे आकडे मी कधीच नाकारले नाहीत. १९१५ला एका फटक्यात ५० कोटी डॉलरचं कर्ज इंग्लंड-फ्रान्सला. १९१७पर्यंत दोस्त राष्ट्रांकडे थकलेले दोन अब्जांच्या वर आणि जर्मनीकडे जेमतेम पावणेतीन कोटी. जर्मन पाणबुड्याही खऱ्या. त्यांनी बुडवलेल्या लुसिटानिया या प्रवासी जहाजावर १,१९८ माणसं बुडाली, त्यातली १२८ अमेरिकन. पण माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं की गोष्ट तिथून सुरू करायची नाही, ती बेटांपासून सुरू करायची. तू म्हणायचीस, बेटं म्हणजे १८९८चा चार महिन्यांचा ताप, येऊन गेला.

काल मी ते बेट पाहिलं. इथे गावात इओलानी राजवाडा आहे. राणी लिलिउओकलानीचा. व्हाइट हाउसच्या आधी या राजवाड्यात विजेचे दिवे लागले होते. वरच्या मजल्यावर कोपऱ्यातली खोली आहे, तिथे तिला १८९५मध्ये कित्येक महिने कोंडून ठेवलं. त्या खोलीत काचेखाली एक गोधडी ठेवलीय. राणीने सोबतच्या बायकांबरोबर कैदेत शिवायला घेतलेली. रेशमाचे वेडेवाकडे तुकडे, त्यांवर रंगीत टाके आणि हवाईचे झेंडे. तुकड्यांवर नावं भरलीत, तारखा भरल्यात. कागदपत्र जप्त होतात, गोधडीवर कोण संशय घेणार? मी तिथून हलेना, तेव्हा शर्वरीला वाटलं मला चक्कर आली.

हे राज्य कसं गेलं ते तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण मी काल ते रस्त्यात उभं राहून पाहिलं. १८९३च्या जानेवारीत इथले गोरे साखरवाले आणि वकील राणीविरुद्ध उठले. बंदरात बॉस्टन नावाची अमेरिकन युद्धनौका उभी होती. अमेरिकेच्या राजदूताच्या सांगण्यावरून तिच्यावरचे दीडशेच्या वर खलाशी आणि सैनिक बंदुका घेऊन गावात उतरले आणि राजवाड्याजवळच्या इमारतीत मुक्कामाला राहिले. त्यांनी एक गोळी झाडली नाही. गरजच पडली नाही. रक्त सांडायला नको म्हणून राणीने निषेध नोंदवून सत्ता सोडली. अध्यक्ष क्लीव्हलंड भला, त्याने काँग्रेसला स्पष्ट कळवलं की हे काँग्रेसला न विचारता केलेलं युद्धाचं कृत्य आहे. पण राज्य परत मिळालं नाही. १८९७मध्ये एकवीस हजारांवर हवाईकरांनी विलीनीकरणाविरुद्ध अर्जावर सह्या केल्या, करार सिनेटमध्ये अडला. पुढच्याच वर्षी स्पेनशी युद्ध पेटलं, मनिलाला कुमक पोहोचवायला वाटेत हे बंदर हवं झालं आणि साध्या बहुमताचा ठराव करून ७ जुलै १८९८ला बेटं खिशात. तशीच ग्वाम, पोर्तो रिको. फिलिपिन्ससाठी स्पेनला दोन कोटी डॉलर मोजले. फिलिपिनोंना कुणी विचारलं? स्पेनविरुद्ध त्यांच्याच बाजूने उतरलेले मग त्यांच्याशीच तीन वर्षं लढले आणि दुष्काळ-रोगराई धरून दोन लाखांपर्यंत साधी माणसं मेली. चार महिन्यांचा ताप म्हणे!

शेजाऱ्याचा बांध कोरणाऱ्याला पुढे रात्रभर राखण करावी लागते, तसंच झालं. बेटं राखायला आरमार, आरमारासाठी पनामाचा कालवा, कालव्यासाठी कॅरिबियनवर पहारा. १९१५ला हैती, १९१६ला डोमिनिकन प्रजासत्ताक. आणि तुझ्या मॉर्गनच्या युद्धाच्या तोंडावरच बघ. जर्मन पाणबुड्यांच्या हाती पडू नयेत म्हणून डेन्मार्ककडून कॅरिबियनमधली बेटं अडीच कोटी डॉलरला घेतली, त्यांचा ताबा मिळाला ३१ मार्च १९१७ला. विल्सनने युद्ध मागितलं २ एप्रिलला. जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमनची तारही तशीच. टेक्सास, न्यू मेक्सिको, ॲरिझोना परत मिळवून देतो हे आमिष जर्मनीने मेक्सिकोलाच का दाखवलं? कारण १९१४ला वेराक्रूझवर अमेरिकन सैनिक उतरले होते आणि जनरल पर्शिंगची अमेरिकन फौज तर १९१७च्या फेब्रुवारीपर्यंत मेक्सिकोच्या वाळवंटात फिरत होती. कर्ज नसतं तरी हा रस्ता तिथेच जात होता. याचं उत्तर तू तेव्हाही दिलं नव्हतंस, आता दे.

आणि १९४१. डिसेंबरच्या त्या एका दिवसात जपानने अमेरिकेच्या ज्या जागांवर हल्ले केले, हवाई, फिलिपिन्स, ग्वाम, वेक, त्या, एक मिडवे सोडलं तर, सगळ्या १८९८-९९मध्ये घेतलेल्या. जपानचा अपराध जपानचाच आहे, त्याला मी पदर घालत नाही. पण ॲरिझोनावरची ती पोरं या बंदरात का होती, हे विचारायचं तर मला राजवाड्यापर्यंतच जावं लागतं.

इतकं लिहूनही जे लिहायला बसले ते राहिलंच. नीलला काही होईल ही भीती आहेच. ती कुठल्याही आजीला असते. मला दुसरीच भीती झोपू देत नाही. बॉस्टनवरून उतरलेली ती पोरंही अठरा-वीस वर्षांची असणार. कुणाची आई, कुणाची आजी घरी वाट बघत असेल. हुकूम झाला, उतरली. आपण कुणाच्या दारात बंदूक घेऊन उभे आहोत, का उभे आहोत, त्यांना काय माहीत? उद्या माझा नील तसा कुणाच्या तरी दारात उभा राहिला तर? मन इतकं मऊ की लहानपणी मुंग्यांच्या रांगेवरून सायकल न्यायचा नाही तो. त्याने शपथ घेतली ती संविधानाच्या रक्षणाची, ते मला मनापासून आवडलं. पण त्याच शपथेत अध्यक्षाचे आणि वरिष्ठांचे हुकूम पाळण्याचंही वचन आहे.

काल रात्री जेवताना त्याने विचारलंच, "आजी, यू आर प्राउड, ना?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "तुझा मला नेहमीच अभिमान आहे." खरं तेच बोलले. पण त्याने विचारलं होतं ते वेगळं होतं आणि ते त्याला कळलं, कारण तो ताटात बघायला लागला.

मला रँकिनबाई आठवत राहिली. १९१७ला प्रतिनिधीगृहात युद्धाविरुद्ध ५० मतं पडली, त्यात हिचं एक. काँग्रेसमध्ये निवडून आलेली पहिली बाई आणि पहिल्याच महिन्यात हे. १९४०ला ती पुन्हा निवडून आली आणि १९४१ला जपानविरुद्धच्या युद्धाच्या मतदानात ३८८ विरुद्ध १, तो एक म्हणजे हीच. लोक एवढे अंगावर आले की तिला टेलिफोन बूथमध्ये शिरून दार लावून घ्यावं लागलं. पुढे गांधींच्या ओढीने ती कितीदा भारतात आली. तू म्हणायचीस, दुसऱ्या वेळचं मत चुकीचं होतं. असेल. पर्ल हार्बर पाहिल्यावर मलाही त्या मताच्या बाजूने ठामपणे बोलता येत नाही. पण सगळं सभागृह एका बाजूला असताना हात वर करण्याचं ते बळ नीलच्या अंगी यावं, एवढं मला हवंय. ते त्याला कसं देऊ?

हे तुलाच विचारतेय, कारण दादा लढाईत गेल्याची तार आली तेव्हा मेसच्या काकूंनी आपल्याला ॲटलास आणायला लावला होता. शकरगढ कुठे ते दाखवा म्हणाल्या. आपण दोघी इतिहासाच्या एम.ए.च्या, आणि आपलं बोट नकाशावर फिरत राहिलं. नंतर तू मला म्हणाली होतीस, दादाला निदान माहीत होतं तो कशासाठी तिथे होता. ते वाक्य मी इतकी वर्षं धरून ठेवलंय. माझा प्रश्न त्यातलाच आहे.

राणीची सगळी हकीकत नीलला मराठीत लिहून द्यावी असं मनात आहे. वाचतो तो, अडखळत वाचतो. मिलिंदला वाटेल मी पोराचं मन मोडतेय. शर्वरी बोलणार नाही, पण दुखावेल. देऊ का? तू म्हणशील तसं करीन, आणि या एका बाबतीत भांडणार नाही.

तुझ्या गुडघ्याचं काय ठरलं? दिवाळीच्या आत उरकून घे, पुढे ढकलू नकोस. मंजूला मुलगी झाल्याचं कळलं, फार बरं वाटलं, नाव काय ठेवलं? वाड्याच्या वाटणीचं अजून तसंच लोंबकळतंय का? भाऊजींना नमस्कार. मी महिनाअखेरीस परत येतेय, पण नीलची बोट त्याआधी सुटेल असं दिसतं, तेव्हा उत्तर लगेच धाड. पोस्टाने नको, मंजूला फोटो काढून पाठवायला सांग. मिलिंदच्या नंबरवर नको, माझ्या.

तुझी,
कुंदा