बाबा, तो बुडालेला दगडही पैसाच

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोन सारखा तुटत होता, म्हणून बाबांच्या प्रश्नाचं उत्तर निवांत लिहिते. बाबा, तुम्ही म्हणालात, "उघड्यावर पडलेल्या दगडाला पैसा कसं म्हणायचं? कुणी पळवला तर?" तुमचा जन्म बँकेत गेला, प्रश्न रास्तच आहे.

काल मान्ग्योल गावात गेले. प्रशांत महासागरातल्या या याप बेटावर गावातून जाताना हातात हिरवं पान धरायचं, वाईट हेतूनं आलो नाही याची ती खूण. वाटेच्या कडेनं दगडाच्या गोल चकत्या उभ्या होत्या. हाच तो दगडी पैसा, यांनाच राई म्हणतात. एक तर माझ्याहून उंच, खालच्या अंगाला शेवाळ धरलेली. मधल्या भोकात वासा घालून माणसं त्या खांद्यावर न्यायची.

हा दगड यापमध्ये मिळत नाही. चारशेहून अधिक किलोमीटरवरच्या पलाऊ बेटांवर जायचं, शिंपल्यांच्या हत्यारांनी चुनखडी फोडायची आणि होड्या-तराफ्यांवरून भर समुद्रातून आणायची. त्यात माणसं जायची. म्हणून किंमत नुसत्या आकारावर ठरत नाही. कुणी आणला, कुणाचा जीव गेला, तेही धरतात. 1870 च्या दशकात ओकीफ नावाचा व्यापारी आला. त्यानं लोखंडी हत्यारं आणि जहाज पुरवलं, बदल्यात खोबरं घेतलं. मोठमोठे दगड आले, पण त्यांना जुन्यांचा मान नाही!

आता चोरीचं. सगळ्यात मोठा दगड साडेतीन मीटरहून रुंद, वजन चार टनांच्या घरात. नेणार कोण? आणि नेला तरी कुणाचा ते सगळ्यांना ठाऊक. व्यवहार झाला तरी दगड जागचा हलत नाही. सातबाऱ्यावर फेरफार होतो तसा मालक बदलतो, नोंद मात्र गावाच्या डोक्यात. 1903 मध्ये इथे आलेल्या फर्नेस या अभ्यासकानं एका घराण्याबद्दल लिहून ठेवलंय. त्यांचा प्रचंड दगड आणताना वादळात बुडाला. सोबतच्यांनी साक्ष दिली, गावानं मानलं. पुढच्या पिढ्यांपैकी कुणी तो पाहिलेला नव्हता, तरी घराणं श्रीमंतच.

जर्मनांनी 1899 मध्ये ही बेटं स्पेनकडून विकत घेतली. लोक रस्ते दुरुस्त करेनात, तेव्हा त्यांनी दगडांवर काळ्या फुल्या मारल्या : हे आता सरकारचे. लोकांनी मुकाट्यानं रस्ते केले, मग फुल्या पुसल्या. हा किस्सा बहुतेक जण हसत सांगतात. मला चीड आली. पूर्वजांनी जीव घालून आणलेलं धन एका फुलीनं काढून घेतलं, यात हसण्यासारखं काय आहे?

आई, तू विचारलंस म्हणून सांगते, बाजारहाट डॉलरमध्येच चालतो. राई लागते लग्नात, जमिनीच्या व्यवहारात, भांडण मिटवताना.

शनिवारपर्यंत इथेच आहे. बाबा, अजून काही विचारायचं असेल तर लगेच कळवा, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून सांगते. आई, गुडघ्याला तेल लावतेस ना?

तुमची,
मनू