मका देताय, तर चुनाही द्या

माननीय अन्नमंत्री महोदय,

स.न.वि.वि.

धान्यवाटपात मका आणायचा म्हटला की एकरी उतारा, गोदामे, वाहतूक असा सगळा हिशेब होतो. तो शिजवायचा कसा, हे मात्र फायलीत कुठेच नसते. युरोपने नेमके हेच केले आणि दोनशे वर्षे भोगले.

दक्षिण मेक्सिकोत बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे ९,००० वर्षांपूर्वी टिओसिंटे या गवतापासून माणसाने मका घडवला. तिथल्या लोकांनी त्याला चुन्यात शिजवायची रीतही बसवली. कोलंबसानंतर बियाणे जगभर गेले. रीत मागेच राहिली.

मक्यातले नायसिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, बांधलेल्या रूपात असते. आतड्याला ते सुटत नाही, चुन्याने सुटते. शरीर ज्यापासून नायसिन बनवू शकते ते ट्रिप्टोफॅनही मक्यात कमीच. त्यामुळे नुसत्या मक्यावर जगणाऱ्यांना पेलाग्रा होतो: उन्हाला उघडी कातडी काळवंडून सोलते, जुलाब लागतात, शेवटी भ्रम होतो. स्पेनमध्ये गास्पार कासाल यांनी १७३५ मध्ये या रोगाचे वर्णन केले. दोष बराच काळ बुरशी लागलेल्या मक्यावर गेला. अमेरिकेत जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१५ मध्ये मिसिसिपीतल्या ११ कैद्यांना मुख्यतः मका आणि पांढऱ्या पिठांवर ठेवले, तेव्हा ६ जणांना तो झाला. कैद्यांना बदल्यात माफी मिळाली. आज असला प्रयोग कोणी करू देणार नाही.

आता कृती. १ किलो कोरडा मका, ३ लिटर पाणी, १० ग्रॅम खाण्याचा विरवलेला चुना. चुना आधी पाण्यात कालवा, मग दाणे टाका. उकळीच्या जरा खाली पाऊण तास ठेवा, उतरवा, झाकून रात्रभर राहू द्या. सकाळी दाणा चिमटीत चोळावा. साल सुटून यायला हवी. दाणा कापला तर मधोमध बारीक पांढरा ठिपका दिसावा. ठिपका नसेल तर दाणा जास्त शिजला, पीठ चिकट होणार. चुना कमी पडला की साल सुटत नाही, जास्त झाला की कडवट चव येते. दोन पाण्यांनी धुवा. साल अगदी स्वच्छ काढाल तर पीठ मिळून येत नाही, लाटताना तुटते. ओलेच वाटा. भांडे ॲल्युमिनियमचे नको, चुना ते खातो. बांधकामाचा चुना तर मुळीच नको. उरलेले पिवळे पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नका.

म्हणून मागणी अशी: १०० किलो मक्यामागे १ किलो खाण्याचा चुना द्यावा. मका अख्खाच द्यावा. पीठच द्यायचे तर चुन्यात प्रक्रिया केलेले किंवा नायसिन मिसळलेले असावे. सोबत डाळ किंवा शेंगदाणे हवेतच. मलावीतल्या मोझांबिकी निर्वासितांच्या शिध्यातले शेंगदाणे थांबले आणि १९९० मध्ये सुमारे १८,००० जणांना पेलाग्रा झाला.

आणि वरची कृती पोत्यावर, वजनाच्या आकड्याशेजारी, चित्रांसह छापावी. वेगळे पत्रक काढू नये, ते दुकानातच राहते.

आपले,
मक्याच्या प्रक्रियेत काम करणारे काही जण